भालूअण्णांची इम्पाला आणि न विचारलेला प्रश्न

मंडळी, ऐका! गोष्टीला हात घालायच्या आधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. घाबरू नका, उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही. मनातल्या मनात द्या. प्रश्न असा — खोटं न बोलता माणसाला फसवता येतं का?

हां! पुढं बसलेल्या बायका लगेच माना हलवून म्हणाल्या, नाही येत. आणि तिकडं खांबाजवळची मंडळी एकदम गप्प! तिकडं सगळा व्यापारी वर्ग बसलाय वाटतं! हसू नका हो, पेटीमास्तर, तुम्हीही मागच्या साली म्हैस विकलीत!

अहो, जिभेवर एक खोटं अक्षर येऊ द्यायचं नाही. फक्त गप्प बसायचं. त्यानं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. झालं! चूक कुणाची? त्यानं विचारायला नको होतं का? असंच म्हणतो ना आपण? याच्यावर मी एक ओळ जुळवलीय. संताची नाही, माझीच आहे, तेव्हा यमक सांभाळून घ्या —

कुणी पुसेना, म्हणुनी सांगेना ।
मऊ गादीवर झोप लागेना ॥

वाजवा, मास्तर! जरा हळू... गोष्ट जिवाला घोर लावणारी आहे. असं.

तर जयसिंगपुरात भालचंद्र आवटी नावाचे गृहस्थ होते. सारं गाव त्यांना भालूअण्णा म्हणे. वडिलांचा तंबाखूचा व्यापार, स्टेशनच्या अंगाला मोठी वखार. पुढं तो धंदा बसला, वखार रिकामी झाली. पण पुरती रिकामी नाही! आत एक गाडी होती. कुठली गाडी? इम्पाला! अमेरिकेची! आताच्या आपल्या गाड्या, चौघं बसली की पाचव्यानं पोट आत ओढून बसायचं. ही गाडी म्हणजे — पुढचे दिवे गल्लीत वळले तरी मागचे दिवे अजून हमरस्त्यावरच! रंग फिका अस्मानी, टप पांढरा, मागं पंखासारख्या दोन कडा, आणि आत पुढं-मागं सलग सोफे. मुंबईत कुठल्याशा परदेशी वकिलातीतला साहेब मायदेशी जाताना विकून गेला आणि अण्णांच्या वडिलांनी हौसेनं घेतली.

आणि गंमत काय? स्टिअरिंग डावीकडं! गावात पहिल्यांदा आली तेव्हा लोक म्हणाले, आवटींची गाडी ड्रायव्हरशिवाय चालते! कारण ते बघत होते उजवीकडं, आणि तिथं बसले होते थोरले आवटी, हात जोडून नमस्कार करत!

वडिलांमागं ती गाडी भालूअण्णांनी जपली. अहो, कशी जपली! सकाळी आंघोळ झाली की जुन्या धोतराचा मऊ तुकडा घ्यायचा आणि वखारीत जायचं. त्यांची बायको शशिकलाकाकू म्हणायच्या, "अहो, देव अजून पारोसे आहेत!" अण्णा म्हणायचे, "आलोच." देव बिचारे ताम्हनात बसून वाट बघत! इतक्या वर्षांत पत्र्याला पोचा नाही, सोफ्याला उसवण नाही. उंदीरसुद्धा फिरकला नाही. तंबाखूचा वास ना वखारीला! उंदीर व्यसनी नसतात, मंडळी. ते आपल्याकडं.

पण अण्णा कंजूष नव्हते हं. गावातली मुलगी सासरी निघाली की पाठवणीला आवटींची गाडी. वाण्याची असो, हमालाची असो. फुलांच्या माळा लावायच्या, आणि चालवायला स्वतः अण्णा, कडक इस्त्रीचा सदरा घालून. भाड्याचं नाव काढायचं नाही. आवटींच्या गाडीतून गेलेली मुलगी सासरी सुखात नांदते, असं बायका एकमेकींना सांगायच्या. या बोलण्याचाच पुढं फास झाला, तो कसा ते ऐका.

दिवस गेले. अण्णांचे गुडघे धरले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मुलगा बंगळुरूला, आठव्या मजल्यावर. गाडी काय लिफ्टनं न्यायची? तशात भावकीनं मिळून वखार विकली. नव्या मालकाला तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. माणूस भला होता, त्यानं पुष्कळ मुदत दिली. पण शेवटी म्हणाला, "अण्णा, सोमवारी पाडायला माणसं येणार. गाडीचं काय ते बघा."

सोमवारी! आणि गाडी ठेवायची कुठं? अण्णांचं घर अरुंद बोळात. तिथं इम्पाला शिरवायची म्हणजे आधी शेजाऱ्याच्या दोन भिंती पाडायच्या! मुलानं मोबाइलवर जाहिरात टाकली. फोन खूप आले. कुणाला नुसते फोटो हवे, कुणाला मागचे दिवे तेवढे सुटे हवे. आणि एक भंगारवाला प्रत्यक्ष आला. त्यानं बॉनेटवर हात थोपटला, खाटीक बोकडाला थोपटतो ना, तसा. म्हणाला, "जड आहे. वजन चांगलं भरंल." त्या दिवशी अण्णांना जेवण गेलं नाही.

आणि मग एक खरं गिऱ्हाईक मिळालं! कराडकडचे हिंदुराव मोकाशी. स्वतःचं मंगल कार्यालय. त्यांना नवरानवरीसाठी झोकदार जुनी गाडी हवी होती. चालू ठेवणार, सांभाळणार, सावलीत उभी करणार. फोनवर म्हणाले, "रविवारी येतो, आईला पण आणतो. तिच्या पसंतीबिगर मी चमचा बी घेत नाही." अण्णांना देव पावला! हसत हसत फोन ठेवला. आणि ठेवता ठेवता हसू गेलं. का गेलं?

कारण त्या गाडीची एक गोष्ट फक्त दोन माणसांना माहीत होती. अण्णांना आणि शशिकलाकाकूंना.

मंडळी, आता जरा जवळ सरका. त्या पोरांना गप्प करा.

अण्णांची आई होती. तिला आक्का म्हणायचे. अण्णा तिला पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला न्यायचे, याच गाडीतून. म्हातारी मागच्या सोफ्यावर, उजव्या कोपऱ्यात, काचेला डोकं टेकून बसायची. एका पौर्णिमेला दर्शन झालं, परत निघाले. शिरोळ मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला. आक्का म्हणाली, "भालू, हळू चालव रे. ऊस बघू दे." अण्णांनी गाडी हळू केली, आणि बोलत बसले. छपराची कौलं बदलायचीत, अमक्याच्या मुलाला नोकरी लागली, असंच काहीबाही. मागून उत्तर नाही. अण्णांना वाटलं, रुसली! वाडीत बासुंदी घेऊन दिली नाही, साखर वाढते म्हणून. ते म्हणाले, "बरं बाई, पुढच्या पौर्णिमेला वाटीभर देतो!" तरी उत्तर नाही. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवली, मागचं दार उघडलं, हात धरला...

हात गार होता.

कुठं गेली ती, कुठल्या उसापाशी, ते त्या लेकाला कळलंसुद्धा नाही! त्यानं बासुंदी कबूल केली, ती कुणाला?

अण्णा तिथंच मट्कन बसले. रडू फुटणार, एवढ्यात एक विचार आला. मंडळी, माणसाचं मन बघा, आई समोर आणि विचार काय? पुढच्या महिन्यात गावात चार पाठवण्या! लोकांना कळलं की गाडीत माणूस गेलं, तर नवरी कोण बसवेल? आवटींची सौभाग्याची गाडी, तिला अपशकुनी म्हणतील! सामोऱ्या आलेल्या काकूंशिवाय बोळात तेव्हा कुणी नव्हतं. नवराबायकोनं आक्काला आत नेलं, गादीवर निजवलं, अंगावर पांघरूण घातलं, आणि मग हंबरडा फोडला. गावाला काय सांगितलं? "घरीच गेली. झोपेत." गाव म्हणालं, पुण्यवान! आणि पाठवण्या थाटात झाल्या.

आता कळलं, हसू का गेलं? येणारं गिऱ्हाईक लग्नाच्या कार्यालयाचं. तो भंगारवाल्यासारखा वजन बघणार नाही. तो शकुन बघणार!

रविवारी सकाळी काकूंनी चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "त्यांना सांगणार ना?"

अण्णा म्हणाले, "विचारलं तर सांगीन."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर मी कशाला उगाच! मी काय खोटं बोलतोय का? विचारलं तर मात्र सांगणारच. देवाशपथ."

"ते काय विचारतील हो, गाडीत कुणी मेलंय का म्हणून? असं कोण विचारतं?"

"तेच म्हणतोय मी!"

बघा! कसा कायदा काढला! वकील लाजला असता. काकू पुढं बोलल्या नाहीत. कपबशी जरा जोरात आपटली, तेवढंच. बायका बोलायच्या थांबल्या की घरातली भांडी बोलायला लागतात, हे इथल्या पुरुषांना मी सांगायला नको.

हिंदुराव आले. मोठा मिशीवाला माणूस, आवाज मांडव भरून टाकणारा. मागून त्यांची आई मालनबाई, काठी टेकत. अण्णांनी वखारीचं दार उघडलं आणि गाडीवरचं कापड ओढलं. हिंदुराव बघतच राहिले! "आयला! आई, बघ की! नवरीपेक्षा गाडीच देखणी दिसंल!" मालनबाई पुढच्या उजव्या दाराशी गेल्या, आत डोकावल्या आणि ओरडल्या, "अगं बया! हिंदू, ष्टेरिंग चोरीला गेलंय!"

सगळे हसले. अण्णाही हसले, पण जरा उशिरा. मंडळी, ज्यानं काही झाकून ठेवलंय ना, त्याला प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं ऐकू येतं.

हिंदुरावांनी मागचं दार उघडलं. सोफ्यावरून हात फिरवला. "अण्णा, या सीटवर..." अण्णांचा श्वास अडकला! "...या सीटवर कव्हर घातलं नव्हतं का कधी? एवढी चकाचक कशी राहिली?" सुटलो! अण्णा म्हणाले, "घालायचो की, सुती."

हिंदुराव डिकीत डोकावले. "काय लपवलंय बिपवलंय न्हाई ना इथं?" — थट्टेनं हो! अण्णा घाईघाईनं म्हणाले, "छे, छे! स्टेपनी आहे."

मग खाली वाकले, चाकं बघितली, उठले, हात झटकले आणि अण्णांच्या डोळ्यात बघून म्हणाले, "आता एक खरं सांगा." झालं! अण्णांनी दाराची कड धरली. काकू लांब उभ्या होत्या, त्या दोन पावलं पुढं आल्या. हिंदुराव म्हणाले, "पेट्रोल किती पिती?"

अहो, हसताय काय! त्या माणसाचा जीव जातोय इथं! पेट्रोल किती पिते ते अण्णांनी इतक्या आनंदानं सांगितलं, इतक्या आनंदानं, की हिंदुरावांना वाटलं, फार पीत नसावी!

सौदा जवळजवळ ठरला. हिंदुराव म्हणाले, "एक चक्कर मारू, आई बसंल मागं. तिला झेपली की झालं." अण्णा चालवायला बसले, हिंदुराव शेजारी, आणि मालनबाई मागं. मागं कुठं? सोफा केवढा मोठा, तिघी आरामात बसतील. पण म्हातारी सरकत सरकत गेली ती उजव्या कोपऱ्यात, आणि काचेला डोकं टेकलं.

अण्णांनी आरशात बघितलं. म्हणावं का, मावशी, जरा मध्ये बसा? पण का म्हणून विचारलं तर? विचारलं तर सांगायचं, अशी शपथ घेतलेली! गप्प बसले. गाडी बाहेर काढली. मनात म्हटलं, सांगली रस्त्याला जाऊ. पण तिकडं ट्रकांची ही रांग! हिंदुराव म्हणाले, "इकडनं घ्या की, मोकळा हाय." इकडनं म्हणजे कुठून? शिरोळच्या रस्त्यानं. देवानं आज ठरवलंच होतं, मंडळी.

ऊस सुरू झाला. गाडी अशी चालली होती, पोटातलं पाणी हलत नव्हतं. हिंदुराव खूष. "वा! वा! आई, कसं वाटतंय?"

उत्तर नाही.

अण्णांनी आरशात बघितलं. म्हातारी काचेला टेकलेली, डोळे मिटलेले, पदर सरकलेला. "मावशी?" उत्तर नाही. हिंदुराव आपले बाहेर बघत मिशी पिळत होते, त्यांच्या काही ध्यानात नाही. अण्णांच्या कानात नुसती घणघण! तोच रस्ता. तोच कोपरा. तशीच गप्प! "मावशी! अहो मावशी, ऊस बघा की! मावशी!!"

करकचून ब्रेक दाबला! गाडी जागच्या जागी थांबली, हिंदुरावांचं डोकं काचेवर आपटता आपटता वाचलं. अण्णा गुडघ्यांचं दुखणं विसरून सीटवर उलटे वळले, हात लांब करून म्हातारीचा खांदा धरला आणि गदगदा हलवलं. "मावशी!!"

मालनबाईंनी डोळे उघडले. "अगं बया! आलं का घर?"

डुलकी! डुलकी लागली होती हो तिला! कराडपासून सकाळी निघालेली बाई, असा सोफा मिळाल्यावर काय करणार? कीर्तनात सुद्धा लोक झोपतात! तो बघा, त्याला हलवा जरा. ब्रेक लावू नका, नुसतं हलवा.

अण्णांना मात्र धाप लागली होती. चेहरा पांढराफटक. हिंदुराव म्हणाले, "काय झालं अण्णा? कुत्रं आलं का आडवं?" अण्णा अजून म्हातारीकडंच बघत होते. आणि मालनबाई? त्यांनी पदर सारखा केला, सोफ्यावर प्रेमानं हात फिरवला आणि आरामात विचारलं,

"काय वो अण्णा, ह्या गाडीतनं कोण कोण गेलंय?"

संपलं! विचारलं! जे कुणी विचारणार नाही म्हणून माणूस निश्चिंत होता, ते त्या कोपऱ्यातून, त्या रस्त्यावर, म्हातारीच्या तोंडून आलं! अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि त्यांना रडू फुटलं.

"माझी आई गेली हो, मावशी! तुम्ही बसलाय तिथंच. वाडीहून येताना, याच रस्त्यावर. मी लपवलं. गावाला सांगितलं घरी गेली. माझी आक्का इथं गेली हो!"

मालनबाई गोंधळून बघायला लागल्या. "अवो... मी इचारलं, कोण कोण बसून गेलंय? पुढारी, मंत्री, शिनेमावाले... आमच्या गल्लीत सांगायला!"

आहे का नाही आपली मराठी गमतीची! 'गेलं' म्हटलं की शिरोळला गेलं, का वर गेलं, ऐकणाऱ्यानं ठरवायचं! तिनं विचारलं एक, यानं ऐकलं दुसरं. पण मंडळी, शपथ पुरी झाली का नाही? तुम्ही एखाद्या प्रश्नाला भिऊन दार लावून बसा, तो खिडकीतून येतो, आणि दुसऱ्याच कुणाच्या तोंडानं येतो. मास्तर, ती ओळ घ्या —

कुणी पुसेना, म्हणुनी सांगेना ।
मऊ गादीवर झोप लागेना ॥

पण थांबा! गोष्ट इथं संपली असती तर सोपं होतं. खरी परीक्षा पुढंच आहे.

हिंदुराव खाली उतरले. गाडीला एक फेरी मारली. मिशीवरून हात फिरवला, परत आत येऊन बसले आणि आवाज बारीक केला. एवढा मांडवभर आवाजाचा माणूस, पण अशा बोलण्याला आवाज आपोआप बारीक होतो! म्हणाले, "अण्णा, तुम्ही सांगितलंसा, मी ऐकलं. मला कायबी वाटत न्हाई. गाडी एक नंबर हाय. मी घेतो. फकस्त भायेर बोलू नका. तुम्ही न्हाई, मी न्हाई. गिऱ्हाइकाला काय करायचंय? कोण इचारतंय?"

कोण विचारतंय! अण्णांचाच कायदा, दुसऱ्याच्या तोंडून!

आता बघा कसा पेच आला. उद्या सोमवार. उद्या वखार पाडणार. भंगारवाल्याचा नंबर खिशात. एक शब्द बोलायचा, "बरं." एवढंच! गाडी वाचते, सावलीत राहते, फुलं लावून मिरवते. एवढी वर्षं गप्प बसलाच होता की! आणखी गप्प बसायला कष्ट काय? तुम्ही काय म्हणाला असता? खरं सांगा हं. मी तर "बरं" म्हणालो असतो, आणि वर दक्षिणा मागितली असती.

अण्णांनी तोंड उघडलं. 'ब' ओठांवर आला होता. पण बाहेर पडेना. ते समोर बघत राहिले आणि हळूहळू बोलायला लागले.

"हिंदुराव, मला नाही जमणार. अहो, माझी आई कशी गेली ठाऊक आहे? देवाचं दर्शन घेऊन, लेकाच्या मागं बसून, ऊस बघत गेली. शेवटचं मला म्हणाली, हळू चालव रे. एवढं चांगलं मरण! हे मी गावभर सांगत सुटायला हवं होतं. आणि मी काय केलं? पत्र्याचा पोचा लपवावा तसं लपवलं! तेराव्याला लोक विचारत होते, आक्का शेवटी काय म्हणाली? मी म्हणालो, काही नाही, झोपेत होती. तिचा शेवटचा शब्द मी खाल्ला हो, या गाडीचं नाव राहावं म्हणून! आता आणखी नाही. गाडी मोडीत गेली तर जाऊ दे."

असं म्हणाले खरे, पण 'मोडीत' म्हणताना आवाज फुटला. प्रेम होतं हो गाडीवर. खोटं कशाला सांगू!

हिंदुराव चुकचुकले. "अण्णा, तुमचं खरं हाय. पण धंदा हाय माझा. नवरी न्हाई बसायची. चल आई, उतर. आपली गाडी वखारीपाशी हाय, एखादी रिक्षा बघतो." दार उघडून धरलं.

मालनबाई उतरेनात.

"आई, उतर की."

"न्हाई."

"अगं, ऐकलंस न्हवं, इथं काय झालं ते? तू तिथंच बसलीयास!"

"म्हणूनच बसलीया," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बानं अंथरुणात वरीस काढलं. पाठीला जखमा. तू लांबनं बघत हुतास, मी धूत हुते. तवापास्नं देवाम्होरं एकच मागती, मला असं नगं. ह्या बाईला जे मिळालं ते मी रोज मागती, आन् तू त्याला इटाळ म्हणतोस?"

"मी कुठं इटाळ म्हणलं! लोक म्हणतात."

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तू मला एक सांग, हिंदू." म्हातारीनं काठी उचलून लेकाच्या छातीला टेकवली. "उद्या मी तुझ्या कार्यालयात गेले, ऐन लग्नसराईत, तर मला बी मागच्या दारानं काढशील? आन् लोकांस्नी सांगशील, न्हाई, ती घरीच गेली?"

मंडळी! एवढा मोठा मिशीवाला माणूस. उत्तर त्याला माहीत होतं. त्या उत्तराचीच त्याला भीती वाटली. तो तसाच वळला, उसाच्या बांधापर्यंत चालत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. अण्णा स्टिअरिंग धरून बसले होते. म्हातारी काचेला टेकून बसली होती.

बऱ्याच वेळानं हिंदुराव परत आले. डोळे लाल. अण्णांच्या बाजूच्या काचेशी वाकले. म्हणाले, "किल्ली द्या, अण्णा. गाडी माझी. मी लपवणार न्हाई. जो इचारंल त्याला सांगीन."

आणि अण्णा काय म्हणाले? गाडी वाचत होती, गप्प राहून किल्ली द्यायची की नाही? नाही! म्हणाले, "विचारेल त्याला नाही, हिंदुराव. विचारायच्या आधी."

हिंदुरावांनी आईकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं."

गाडी त्याच दिवशी कराडकडं गेली. मालनबाई कोपऱ्यात बसून गेल्या. जिवंत गेल्या हो, घाबरू नका! पुढं त्या गाडीत नवऱ्या बसल्या का? काही बसल्या. काही आईबाप म्हणाले, आम्हाला दुसरी गाडी द्या. हिंदुरावांनी दुसरी दिली. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या असं मी सांगणार नाही. तेवढं खोटं मला कीर्तनातसुद्धा जमत नाही. आणि भालूअण्णा? ते त्या संध्याकाळी बोळातल्या ओट्यावर बसले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून सांगत सुटले, "अरे, आमची आक्का कशी गेली ठाऊक आहे का? ये, बस!"

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. सुटका नाही.

तुमच्याकडं इम्पाला नाही. पण मुलगी बघायला पाहुणे येतात तुमच्याकडं? येतात ना? पोहे होतात, सतरंजी झटकली जाते, आणि तेव्हा घरातल्या कुणाला तरी हळूच सांगितलं जातं, "तुम्ही जरा आत बसा." सांगितलं जातं का नाही? तो काका, जो मध्येच एकटा हसतो. ती आत्या, जिला नवऱ्यानं सोडलं. तो भाऊ, ज्याला फिट येते. पाहुणे विचारत नाहीत, आपण सांगत नाही. आणि आतल्या खोलीत बसलेल्या त्या माणसाला, भिंतीपलीकडचं हसणं ऐकताना कळत असतं की आपण या घरातला डाग आहोत. कधी वाटतं का हो त्याचं काही? का गाडी चकाचक राहिली यातच समाधान?

खाली बघू नका. वर बघा. मी कुणाचं नाव घेणार नाही.

फक्त एवढंच विचारतो. आज इथं तुम्ही सगळे आलात, नटून आलात. तुमच्या घरातलं कोण आलेलं नाही? नाही, असं नाही विचारत. कोणाला तुम्ही आणलं नाहीत?

...

आरती तयार आहे, तबक लावलंय. पण मी आरती सुरू करणार नाही. पेटीमास्तर, पेटी झाकू नका, बसा. आपल्याला घाई नाही. देवालाही नाही, तो कधीचा उभाच आहे. ज्याला उठायचंय त्यानं उठावं, घरी जावं, आतल्या खोलीचं दार उघडावं आणि म्हणावं, "चल, पुढं बसायचंय." हात धरून आणा. आजची आरती त्यांच्या हातानं होईल.

हां... ते बघा, खांबाजवळून कुणीतरी उठलं. बघू नका त्यांच्याकडं. वाट द्या, वाट द्या त्यांना!